बसायला दारात, पुसायला गालिच्यावर

"तुला बरं माहीत गं हे सगळं! मग तूच कर. तुमच्या हाताला सवय असते."

मोठ्या बहनजी असं म्हणाल्या अन् सगळ्या मास्तरणी हसल्या. मीही हसली. आज सांगायला लाज वाटते, पण हसली. पदर खोचला अन् गालिच्यावर गुडघे टेकले.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. सौंसरच्या मुलींच्या शाळेत मी नवीनच लागली होती. मोहगावहून बसनं जाणं-येणं. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी माझी. प्रोबेशनचं वर्ष संपत आलं होतं, अन् पक्कं करायचा कागद मोठ्या बहनजींच्या हातात. मोठ्या बहनजी म्हणजे आमच्या हेडमास्तरीण. त्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं होतं.

बैठकीत मिर्झापूरचा गालिचा. जावयानं आणलेला. सगळ्या जणी त्याच्यावर बसल्या. मी बसायला गेली तर बहनजी म्हणाल्या, "अगं, तू तिथं दाराजवळ बस. तिथं हवा छान येते." मी दाराजवळ फरशीवर बसली. डिसेंबर महिना होता. कोणाला लागते हो डिसेंबरात हवा? मला समजलं होतं. माझं आडनाव, माझं बौद्ध असणं, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. तरी मी स्वतःला समजावलं, जाऊ दे, एका दिवसाचं आहे.

पाटोडी-रस्सा होता. वर बोटभर तर्री. गणिताच्या बहनजींची वाटी कलंडली अन् लाल तेल गालिच्यावर हे एवढं पसरलं. सूनबाई गरम पाण्याची बादली घेऊन धावल्या. अन् माझी जीभ वळवळली. "पाणी नका टाकू! तेल पसरते. आधी कोरडं पीठ टाका."

हे मला माझ्या मायनं शिकवलं होतं. माझी नोकरी लागेपर्यंत माय कापसाच्या जिनात कामाला जाये. मशीनचं काळं तेल लुगड्याला लागे. ती म्हणे, "पानी नोको टाकू वं. पीठ टाक. पीठ त्याल पेते." मला वाटलं, चारचौघीत आपल्याला काही येते हे दिसलं. पण त्यांना त्यात फक्त माझी जात दिसली.

कपड्यानं टिपलं. घासलं नाही, टिपलं. ज्वारीचं पीठ थापलं. ते लाल झालं की काढलं, दुसरं थापलं. तिकडं जेवणं चालू झाली. माझं ताट दारात झाकून ठेवलं होतं. अर्धा घंटा मी त्या गालिच्याच्या मधात होती, अन् कोणी म्हणालं नाही की इथंच बस, जेव.

निघताना मीच सांगितलं, "शेवटचं पीठ सकाळपर्यंत राहू द्या. मग ब्रश मारायचा, मग रिठ्याच्या पाण्यानं टिपायचं." बहनजी म्हणाल्या, "मग ये ना उद्या. अर्धवट काम चांगलं नसते."

रविवारी मी गेली. हो, गेली! सुट्टीच्या दिवशी, पहिली बस धरून. प्रोबेशन माणसाला कुठं कुठं नेते.

बैठकीत कोणी नव्हतं. मी ब्रश मारून राहिली होती. पीठ सुटत होतं, डाग पार फिका झाला होता, अन् खरं सांगते, मी मनातून खूश होती. तेवढ्यात आतून बहनजींचा आवाज आला. सुनेला सांगत होत्या, "ती गेली की गालिच्यावर गोमूत्र शिंपड. काल पार मधात बसली होती ती. नंतरच कोणाला बसू दे."

माझा हात थांबला. अंगाची आग आग झाली. बहनजींपेक्षा जास्त राग माझा मलाच आला. बीएड केलं मी, पोरींना नागरिकशास्त्र शिकवते मी, अन् इथं काय करून राहिली?

मी ब्रश फेकला. गालिच्याच्या मधात, पिठातच, मांडी घालून बसली. अन् ओरडली, "बहनजी, गोमूत्र आत्ताच आणा! मी अजून इथंच आहो!"

त्या बाहेर आल्या. तोंड उतरलं होतं. "अगं, आमच्याकडची रीत आहे ती. तू शिकलेली आहेस, समजून घे."

"समजलं. म्हणूनच बसली."

"ऊठ आधी."

"नाही उठत."

मग खरा आवाज निघाला. "तुझा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस."

मी चांगली पाच मिनिटं बसली. मग उठली, साडीचं पीठ त्यांच्याच बैठकीत झटकलं अन् निघाली. डाग तसाच ठेवला.

सोमवारी अर्ज लिहिला. छिंदवाड्याला, जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याच्या नावानं. दारात बसवलं ते लिहिलं, गुडघ्यावर बसवलं ते लिहिलं, गोमूत्र लिहिलं. खाली पूर्ण नाव, गाव. रजिस्टर पोस्टानं पाठवला.

पंधरा दिवसांनी बहनजींनी ऑफिसात बोलावलं. आवाजात साखर. "चौकशीचं पत्र आलं आहे. गैरसमज झाला असं लिहून दे, अर्ज मागं घे. तुझ्या कागदावर आजच सही करते." गणिताच्या बहनजी बाजूलाच होत्या. म्हणाल्या, "घे गं. गालिच्याचं काय एवढं मनावर घ्यायचं!"

मी एक दिवस मागितला. घरी मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. वर न पाहता म्हणाली, "घे वं मागं. माह्यात जिनात जाची ताकद नाही राह्यली." तिच्यापुढं माझा राग चालेना. मायचे खोकून खोकून हाल होत होते, अन् माझा एक कागद तिला कायमचं घरी बसवू शकत होता. मी त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बहनजींपुढं उभी राहिली. "मागं घेत नाही. जे लिहिलं ते खरं आहे."

मला काढलं. कागदावर कारण होतं, वागणूक उद्धट. माय पुन्हा जिनात गेली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, अन् मी तिला दोष दिला नाही. पण माफीही मागितली नाही.

पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन मी छिंदवाड्याची बस धरली. शिक्षण ऑफिसातला बाबू म्हणाला, साहेब नाहीत, नंतर या. मी म्हटलं, येते. दर सोमवारी येते. अर्जाचं उत्तर लेखी हातात पडेपर्यंत येते. तुमची बदली झाली तर तुमच्या जागी जो येईल, त्यालाही माझं नाव सांगून जा.