बलदियाचे पाहुणे

प्रमुख पाहुण्यांची शाल मी स्वतः निवडली. मरून रंगाची, जरीच्या काठाची. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या स्वागत समितीत आम्ही काही आया होतो आणि शालीचं काम मी मागून घेतलं होतं. त्या संध्याकाळी एका माणसाची भरसभेत नाचक्की व्हावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी पाहुण्यांचा मान नीट राखला जायला हवा होता.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेच्या समितीचा चेअरमन. सगळे त्याला सर म्हणतात. मी इथे अरेतुरेच करणार आहे. मराठीच, पुण्याकडचा. गणपतीत आमच्या घरी येऊन उकडीचे मोदक मागून मागून खाल्लेला.

ओमानच्या किनाऱ्यावरच्या या शहरात आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. तो पोलाद कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, आणि पालकांनी निवडून दिलेली समिती ती चालवते. आमचा मुलगा सहा वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. तहान लागली की माझा हात धरून मला फ्रिजपाशी न्यायचा. अशा मुलांसाठी शाळेने शेजारच्या व्हिलात एक छोटा वर्ग काढला होता. तिथली टीचर केरळची. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात, आणि आईला काय म्हणतात? मग ती बाकी सगळं इंग्रजीत आणि तेवढे दोन शब्द मराठीत बोलायला लागली. काही महिन्यांनी तो फ्रिजपाशी एकटाच उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी." दिवाळीच्या सुमारास "आई" म्हणाला. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात धरून तशीच बसून राहिले, तव्यावरची पोळी करपली.

मार्चमध्ये वर्ग बंद झाला.

पालकसभेत चेअरमनने सांगितलं की बलदियाने परवानगी नाकारली. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. राहत्या वस्तीतल्या घरात वर्ग चालवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सभा संपल्यावर तो मुद्दाम माझ्याजवळ आला.

"वहिनी, माझ्या हातात असतं तर उद्या सकाळी चालू केला असता. पण बलदियापुढे आपलं काय चालणार? परक्या देशात आहोत."

मी त्याचे आभार मानले. त्या आभारांची आजही मला चीड येते.

टीचरची नोकरी गेली तसा तिचा व्हिसाही संपला आणि ती गावी परतली. मुलाला मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. दोन महिन्यांत तो पुन्हा माझा हात धरून फ्रिजपाशी न्यायला लागला. शाळेतून सुचवण्यात आलं की मी त्याला घेऊन भारतात जावं, नवऱ्याने इथे राहावं. नवरा रात्रपाळी करून यायचा आणि न जेवता झोपायचा.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हा त्याच व्हिलावर नवी पाटी होती. अकरावी-बारावीचं इंजिनिअरिंग कोचिंग, भरमसाट फीचं. मोठ्या मुलांना चालतं ते लहानांना का चालत नाही, हे कुणीच विचारलं नाही. आपल्या लोकांना इथे सरकारी दाराची फार धास्ती. नवराही म्हणाला, "तू बलदियात जाऊ नकोस. आपण नोकरीवर आलोय."

मी गेले. मला वाटलं होतं, दारातूनच हाकलतील. समोर पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, एक वयस्क अधिकारी होते. त्यांनी आधी खजूर पुढे केला, मग छोट्या पेल्यात कहावा, इथली बिनदुधाची कॉफी, ओतला. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच ओमानींसारखं त्यांनाही हिंदी छान येत होतं.

"हमने कब बंद किया, बहन? आपके स्कूल ने ही आकर बोला, छोटे बच्चों का नहीं चाहिए, अब बड़े बच्चों का चलेगा. हमने बोला, ठीक है."

मी कहाव्याचा पेला खाली ठेवला. मी त्यांना सभेत काय सांगितलं गेलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हमारा नाम लिया?"

हे मी पालकसभेत उठून सांगू शकले असते. पण वहिनींचा गैरसमज झालाय म्हणून चेअरमनने ते हसण्यावारी नेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला नुसता न्याय नको होता. मला त्याचा चेहरा पाहायचा होता. तेव्हा मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही आणि थांबले.

दर वर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं की समितीची पाहुण्यासाठी धावपळ सुरू होते. स्थानिक बडा माणूस मंचावर हवा, फोटोत हवा. स्वागत समितीत मी या अधिकाऱ्यांचं नाव सुचवलं. चेअरमन खूश झाला. "वहिनी, तुम्ही तर कमाल केलीत. बलदियाचे एवढे मोठे साहेब!" आमंत्रण द्यायला तो स्वतः गेला.

त्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या हातांनी ती मरून शाल पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. मग स्मृतिचिन्ह हातात घेऊन शेजारी उभा राहिला. पाहुण्यांनी मुलांचं कौतुक केलं, शाळेचं केलं. मग शांतपणे म्हणाले, "इस शहर में मेरे दफ़्तर का नाम बहुत लिया जाता है. मैंने सुना, बलदिया ने छोटे बच्चों का क्लास बंद किया. बलदिया ने नहीं किया. आपके स्कूल ने बोला, नहीं चाहिए. कल बोलिए, चाहिए, तो कल मिलेगा, इन्शाल्ला."

मांडवात कुजबुज सुरू झाली. चेअरमनचं हसू आधी तसंच राहिलं, मग एका बाजूने उतरलं. स्मृतिचिन्ह कुठे ठेवावं ते त्याला कळेना. पहिली टाळी मी वाजवली. मला फार बरं वाटलं आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

तब्येतीचं कारण सांगून त्याने राजीनामा दिला. कोचिंगची पाटी उतरली, वर्ग पुन्हा सुरू झाला. जुनी टीचर काही परत आली नाही, तिला गावीच शाळा मिळाली होती. नवीही चांगली आहे. मुलगा आता "पाणी" म्हणतो. दुसरा शब्द अजून आलेला नाही.

मध्यंतरी मस्कतला गेले होते. अल मवालेहच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्या बघत असताना चेअरमन समोर आला. बारीक झालाय.

"नमस्कार वहिनी," तो म्हणाला. "झालं गेलं सोडून द्या आता. एक शब्द तरी बोला."

मी पेटीतला आंबा उचलला, नाकाशी धरला आणि पुढच्या दुकानाकडे वळले. माझा मुलगा मला आई म्हणेल, त्या दिवशी मी या माणसाशी बोलेन. तोवर एका शब्दासाठी त्यानेही थांबावं.