तीन ठोके की सात

त्या बँडचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि ओळखल्याबरोबर भांडायला उभे राहतील, की पहिल्या दोन रेकॉर्डी काय घेऊन बसलात, खरा बँड नंतरचा. या लोकांशी वाद घालण्यात माझं अर्धं तारुण्य गेलं. आता माझ्यात त्राण नाही. आमच्या मंडळात फक्त सुरुवातीची गाणी चालतात. त्यानंतर त्या चौघांकडे पैसा आला, चांगले कपडे आले आणि गाण्यांमधून खुर्चीची करकर गेली, असं आमचं ठाम मत आहे.

ही करकर थट्टेत काढू नका. तिसऱ्या गाण्यात, गायक श्वास घेतो तेव्हा, मागे कोणीतरी लाकडी खुर्चीत हललेलं ऐकू येतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. म्हणजे ही माणसं होती! कुठल्या तरी खोलीत, आपल्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी पोरं खुर्च्यांवर बसून हे करत होती. पस्तीस वर्षं झाली, अजून तो श्वास आला की मी हातातलं काम थांबवते.

मंडळ म्हणजे आम्ही चार जणं. अमरावतीत अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवून घसा फोडून घेणारी मी. कॉलेजात गिटार वाजवणारा आणि आता तेल्हाऱ्याला कपाशी करणारा एक शेतकरी. अकोल्याचा एक मेडिकलवाला, जो फक्त दुसऱ्याचं खोडायला तोंड उघडतो. आणि चाचा, ज्यांच्या दुकानात आम्ही महिन्यातून एका रविवारी सकाळी जमतो. मी बडनेऱ्याहून गाडी पकडते, येताना गिला वडा बांधून आणते, आणि मूर्तिजापूर यायच्या आत त्यातला एक संपवते.

चाचांचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात आहे, मोर्णा नदीच्या पलीकडे. आता तिथे त्यांचा पुतण्या मिक्सर आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करतो. पण एकेकाळी ते कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आपण गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची किंवा त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. अशी दुकानं तेव्हा बरीच होती. फरक इतकाच, की बाकीच्यांकडे टेप संपली की गाणं मधेच खट्कन तुटायचं. चाचांच्या दारावर मात्र पाटी होती, ती अजून आहे: ‘अर्धे गाणे भरून मिळणार नाही’. वऱ्हाडात त्या पाटीची शपथ घेत होते लोक.

कुणा परदेशातून परतलेल्या डॉक्टरच्या घरून त्या बँडच्या पहिल्या दोन रेकॉर्डी चाचांकडे वर्षभर राहिल्या होत्या. त्यातली गाणी निवडून त्यांनी साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर बसवली. आम्ही तिघांनी एकमेकांना ओळखत नसताना तीच कॅसेट भरून घेतली, आणि तिच्यामुळेच पुढे ओळखायला लागलो.

आणि तिच्यामुळेच भांडलो. शेवटचं गाणं संपताना गायकाचा आवाज हळूहळू लांब जातो, अगदी शेताच्या बांधावरून कोणी गात निघून जावं तसा, आणि मग नुसते ड्रमचे ठोके राहतात. ते किती? माझ्या मते तीन. मी मोजलेत, गणिताची बाई आहे मी. शेतकरी म्हणायचा सात. मेडिकलवाला म्हणायचा एकही नाही, आवाजाबरोबरच सगळं संपतं, तुम्हा दोघांच्या कानात मळ आहे. यावर आम्ही किती रविवार घालवले असतील ते विचारू नका. एकमेकांची कॅसेट लावून बघावी, हे एकालाही सुचलं नाही, कारण प्रत्येकाची खात्री होती की समोरचा खोटं बोलतोय. चाचा तेवढे मिक्सरच्या भांड्याकडे बघत गप्प बसायचे.

तो आवाज लांब कसा जातो, याबद्दल मात्र आमचं एकमत होतं. गायक गाता गाता माइकपासून मागे चालत गेला असणार. शेतकऱ्याचा यावर एवढा विश्वास, की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं वाजवताना तो उलट्या पावलांनी स्टेजच्या मागे चालत गेला आणि पडद्यात गुरफटून आडवा झाला. गिटारची मान मोडली, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या उन्हाळ्यात चाचांच्या कानाचं निघालं. डावा आधीच गेला होता, आता उजवाही चालला. अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना स्टेशनवरून ऑटोतून घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं की फार तर दिवाळीपर्यंत, आणि मशीनचाही उपयोग व्हायचा नाही. चाचांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. बाहेर ऑटोंचा कलकलाट चालू होता. ते मला म्हणाले, ‘‘बेटा, एकच काम रायलं. ती गाणी एकदा मोठ्या डब्यांवर ऐकायची. मंग गेला कान त जाऊ दे.’’

मोठे डबे म्हणजे दुकानातले त्यांचे जुने लाकडी स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः दुरुस्त केला. पण टेपडेक कधीच बंद पडलेला, आणि आमच्या कॅसेटींना बुरशी आलेली. शेवटी ठरलं की माझ्या फोनवरून वायर लावून वाजवायचं. पुण्याच्या माझ्या मुलीने फोनवर ती सगळी गाणी घालून दिली होती, पण मी कधी ऐकली नव्हती. मला माझी कॅसेट पुरत होती.

आदल्या आठवड्यात मी नुसती तपासायला म्हणून गाणी लावली आणि अंबाडीची भाजी निवडायला बसले. शेवटचं गाणं आलं. आवाज लांब जायची जागा आली, आणि आवाज गेलाच नाही. गायक तिथेच उभा, खणखणीत. ड्रमचे तीन ठोके झाले, सात झाले, मी सतरापर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं. मग ड्रम अचानक थांबला. एकटी गिटार राहिली, इतकी हळू, की मी पंखा बंद केला. आणि मग एका दमात सगळेच्या सगळे परत आले. अजून तीन मिनिटं! माझ्या मांडीवरची भाजी जमिनीवर गेली. पस्तीस वर्षं ज्या घरात राहिलो त्या घरात अजून एक खोली निघाली होती.

खूप आनंद झाला असं लिहायला हवं. झाला होताच, पण त्याहून जास्त राग आला. अर्धं गाणं मिळणार नाही म्हणे! मी त्या पाटीवर विश्वास ठेवून लोकांशी भांडले होते. म्हणजे आवाज लांब गेला तो गायकाच्या पावलांनी नाही, चाचांच्या बोटांनी. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवून त्यांनी आमचं गाणं पुसून टाकलं होतं.

मी दोघांना फोन लावले. मेडिकलवाला एकदाच मुद्द्याचं बोलला. माणसाचा कान जाऊन राहिला, म्हणाला, आणि तुम्ही त्याला त्याच्याच दुकानात खोटं पाडणार का?  शेतकऱ्याने हळूच विचारलं, ‘‘मॅडम, सातव्या ठोक्याच्या पुढं काय हाये?’’ मी म्हटलं, स्वतः ऐक. तो म्हणाला नाही, ऐकेन तर सगळ्यांसोबत.

शेवटी माझाच राग निवला आणि मीच तोडगा काढला. ती जागा आली की फोनवरचा आवाज मी हळूहळू कमी करायचा, कॅसेटीत होतो तसा. चाचांना वाटेल, आपलंच गाणं वाजलं. त्यांची पाटी खरी राहील. पुढचं आम्ही तिघं नंतर कधीतरी ऐकू.

त्या रविवारी पुतण्याने मोटारी उचलून दुकान रिकामं करून दिलं. चाचा लाकडी डब्याशेजारी स्टूल घेऊन बसले, उजवा कान डब्याला जवळजवळ टेकवला आणि तळहात लाकडावर ठेवला. गाणी सुरू झाली.  तिसऱ्या गाण्यात खुर्ची करकरली तेव्हा चाचांनी डोळे मिटूनच बोट वर केलं. त्यांना ऐकू आली की आठवली, कोण जाणे. मेडिकलवाल्याने तोंड फिरवलं.

शेवटचं गाणं आलं. जागा जवळ आली तसा मी फोन हातात घेतला. मी फोनचं बटण दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दाबणार तोच चाचांनी डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

‘‘असं पायरी पायरीनं नाई उतरवत बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘हात हलका पायजे. आन् आता उतरवूच नको.’’

मी गाणं थांबवलं. 

मग चाचा बोलले. बहिऱ्या माणसासारखं जरा मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल असं. ते गाणं साठच्या कॅसेटमध्ये बसत नव्हतं. नव्वदची टेप पातळ, ती पोरांच्या टेपरेकॉर्डरमध्ये गुंतते, म्हणून ते ती कोणाला देत नसत. एखादं गाणं काढून टाकावं म्हटलं, तर कोणतं काढायचं, ते तुम्हीच सांगा, असं त्यांनी उलट आम्हालाच विचारलं. मधेच तोडायचं तर त्यांचा हात धजेना. मग त्यांनी ते गाणं आठवडाभर ऐकलं आणि कुठे उतरवलं तर ते संपल्यासारखं वाटेल ती जागा शोधली. साठ लिहिलेल्या कॅसेटींमध्येही टेप कमीजास्त असते. एखादीत अर्ध्या मिनिटाची जास्त निघते. म्हणून प्रत्येक कॅसेट भरताना ते स्वतः शेवटपर्यंत बसून ऐकत, रिळात किती टेप उरली ते बघत, आणि तेवढ्यात बटण उतरवत.

‘‘याची कॅसेट चांगल्या कंपनीची होती,’’ त्यांनी शेतकऱ्याकडे बोट दाखवलं, ‘‘त्याले सात भेटले. तुह्यी घरून आणलेली, जुनी. तीनच बसले. डॉक्टरसाहेबाले एकही नाई.’’ मेडिकलवाल्याला ते डॉक्टरसाहेबच म्हणतात. ‘‘जेवढी टेप होती तेवढं गाणं देलं बेटा. एक बोटभर टेप म्या कोणाची कोरी ठेवली नाई.’’

म्हणजे आम्ही तिघंही खरं बोलत होतो. माझी जुनी, आईच्या भजनांवर भरून घेतलेली कॅसेट चाचांना पस्तीस वर्षांनी आठवत होती. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. त्या रेकॉर्डींवर कुठेच नसलेला शेवट त्या हाताने रचला होता, आणि प्रत्येकासाठी वेगळा, आणि आम्ही तो त्या गायकाच्या नावावर जमा करून इतकी वर्षं आ वासून बसलो होतो. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले. ते ओशाळून ‘‘अरे, अरे’’ करत राहिले.

‘‘पण चाचा,’’ शेतकरी म्हणाला, ‘‘मी त उलटा चालून पडलो होतो तुमच्यापायी.’’ चाचांना ते ऐकू गेलं नाही. मी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग आम्ही ते गाणं पहिल्यापासून लावलं आणि कोणीही कशालाच हात लावला नाही. आवाज जायच्या जागी चाचांची बोटं लाकडावरच किंचित वळली आणि पुन्हा सैल झाली. सात ठोके झाले. आठव्याला शेतकऱ्याने माझ्याकडे बघितलं, नवीन वर्गात बसवलेल्या पोरासारखं. ड्रम थांबला. ती एकटी गिटार आली. मेडिकलवाला नेहमी हाताची घडी घालून बसतो, त्याने ती सोडली. मग सगळे परत आले, आणि आमच्यातलं कोणीच कोणाकडे बघू शकलं नाही. संपलं तेव्हा बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्याही थोडा वेळ गाण्याचाच भाग वाटल्या.

चाचांनी कान डब्यापासून बाजूला केला. मी कागदावर लिहिलं: ‘ऐकू आलं?’

‘‘ड्रम आला हाताले,’’ ते म्हणाले. ‘‘गिटार नाई आली. ती लई हळू वाजवते तो.’’

 एक रविवार आधी आलो असतो तर, असं मला वाटत होतं. पण ते रडत नव्हते. उलट स्टूल ओढून ते आमच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागले. एवढी वर्षं आम्ही ठोक्यांवरून भांडायचो तेव्हा हा माणूस भांड्याकडे बघत गप्प बसायचा. पुढची तीन मिनिटं अख्ख्या वऱ्हाडात त्यांना एकट्यालाच माहीत होती, आणि पाटी खोटी पडेल म्हणून त्यांना ती कोणाशीच बोलता आली नव्हती.

‘‘ती गिटार मले पाठ हाये,’’ ते म्हणाले. कागद आणि पेन उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. ‘‘आता तुमी सांगा. ड्रम थांबते, आन् तो गिटारवाला एकटाच रायते, तिथं तुमाले काय वाटलं?’’