मिठाचा हात

चीनच्या सीमेवरच्या आनतुंग शहरातल्या त्या गल्लीत लुआन काकूंचा मिठाचा हात सगळ्यांना ठाऊक होता. स्वतः खारट खाणारी शेजारची हान बाईसुद्धा त्यांच्याकडे जेवायला बसायची ती पाण्याचं भांडं जवळ ओढूनच.

यालू नदीपलीकडे कोरियाची दोन शकलं एकमेकांच्या उरावर बसली, आणि त्या हिवाळ्यात आपलं चीनचं सरकारही मध्ये उतरलं. फौज म्हणायचं नाही हं, स्वयंसेवक म्हणायचं! काकूंच्या एकुलत्या एका पोराला, शौशानला, टोपीवरचा फौजेचा तारा काढायला लावून पुलापलीकडे धाडलं. त्याची इच्छा कुणी विचारली होती?

मग घरोघर हुकूम आला, सैन्यासाठी पीठ भाजा. तिकडे चूल पेटवली की धूर बघून अमेरिकी विमानं येत, म्हणून पोरांनी कोरडं पीठच बर्फाबरोबर गिळायचं. गल्लीचं काम हान बाईकडे होतं. तिनं गहू, सोयाबीन, ज्वारीचं पीठ दिलं आणि मीठ मोजून दिलं. काकूंनी भाजताना वर घरची मिठाची बरणीही उपडी केली.

"अगं ताई, लाखो पोरं आहेत तिकडं!" हान बाई म्हणाली. "तुझं पोतं तुझ्याच पोराला मिळणार होय?"

"मिळेल. त्याला अळणी घशाखाली उतरत नाही. आणि नाही मिळालं, तर दुसऱ्या कुणाच्या पोराला मिळेल. त्यानं तरी अळणी का खावं?"

बर्फ वितळल्यावर शौशानच्या तुकडीतला कुओ नावाचा एक जखमी जवान घर विचारत आला. पायाची बोटं थंडीनं गेलेली. त्याला एकट्याला बघूनच काकू काय ते समजल्या. तरी आधी त्याला बसवून लापशी वाढली.

"काकू, शौशान शेवटी आनंदात होता," तो धीर द्यायला म्हणाला. "एक पोतं आलं, मेलं इतकं खारट की आम्ही थुंकलो. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि ओरडला, 'अरे, हा माझ्या आईचा हात!' आमच्या वाटचंही त्यानंच खाल्लं. हसत होता नि डोळे पुसत होता."

"मग?"

"मग तहान. बर्फानं कुठं भागते? भर उजेडात ओढ्यावर गेला…" कुओ थबकला. आपण काय बोलून बसलो, ते त्याला आत्ता कळलं. "विमान आलं, काकू."

ते पोतं काकूंचंच कशावरून? सगळी गल्ली शानतुंग प्रांतातून आलेली, सगळ्याच जणी खारट खाणाऱ्या. कुओनंही परोपरीनं तेच सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं, "पाणी मिळालं का रे त्याला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

युद्ध काही थांबलं नाही. पुन्हा हुकूम आला, काकूंनी पुन्हा कढई चढवली. पोतं शिवण्याआधी हान बाईनं पीठ चाखलं.

"ताई, मीठ विसरलीस की!"

ती मिठाची पुडी घेऊन वाकली, तसं काकूंनी तिचं मनगट धरलं. धरलं ते सोडेचनात.

"नको गं," त्या म्हणाल्या. "पोरांना तहान लागते."