कोकराची कुबडी

एका कापडी कोकराला मी रोज दुपारी मारत होते. सलग नऊ दिवस. मोबाइलवर अंगठा दाबला की ते मेलं. आणि आपण फार शहाणपणाचं काम केलं अशा तोऱ्यात मोबाइल कमरेच्या पिशवीत टाकून मी मोसंबी सोलायला बसायची. तेव्हा माझं वय एकसष्ट, म्हणजे अक्कल यायच्या आधीचं. आता अडुसष्ट चालू आहे. अजून पुरती आली नाही, पण वाटेत आहे असं घरचे म्हणतात.

झालं असं होतं. नात तेव्हा दुसरीत, तेलंगणातल्या इचोड्याच्या एका इंग्रजी शाळेत. नाताळाला मुलांचं गाण्याचं नाटक करायचं ठरलं, एका बाहुल्यांच्या सिनेमावरून. मुलांनी आपापलं गाणं पाठ करावं म्हणून शाळेच्या बाईंनी तो सिनेमा घरोघरच्या मोबाइलवर पाठवला. आमच्या नातीला लंगड्या कोकराचं काम मिळालं. काखेत कुबडी, आणि एक गाणं. एवढंच काम, पण पोरगी त्यात अशी शिरली की शाळेतून आली की वेळूची काठी काखेत मारून अंगणभर डावा पाय ओढत फिरायची. कोंबड्यासुद्धा तिला वाट देत.

आमच्याकडे घरात अभद्र बोलत नाहीत. वास्तू ऐकत असते आणि दिवसातून कधीतरी ‘तथास्तु’ म्हणते. नेमकं कधी म्हणेल ते कोणाला ठाऊक नसतं, म्हणून दिवसभरच तोंड सांभाळायचं. पीठ संपलं तरी ‘पीठ वाढलं’ म्हणायचं. तर अशा घरातली मी, भर उंबऱ्यात उभी राहून नातीवर ओरडले, “बंद कर थे लंगडणं. वास्तू तथास्तु म्हणंल. खराच पाय गेला म्हणजे समजंल तुले.”

आठ दिवसांत तिची डावी नडगी सुजली. आधी मी हळद-चुना लावला. मग ताप चढला, पोरगी बरळायला लागली, आणि मुलाने तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे मला बसवून, आदिलाबादला दवाखान्यात नेलं. हाडात पू झाला होता. त्याच दिवशी पाय चिरला. सून घरी बाळंतीण, बाळ अठरा दिवसांचं. मुलाला वांगी-टोमॅटोचा तोडा सोडता येईना, तो दिवसाआड यायचा. खाटेपाशी राहिले मी. लेकराच्या पायापेक्षा माझं ते वाक्यच मला जास्त ठणकत होतं. हे कोणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही.

तिला करमावं म्हणून तो सिनेमा. दुपारची जेवणं झाली, वॉर्ड जरा शांत झाला की ती म्हणायची, “आजी, बाहुल्या लाव.” एका हाताला सलाईन, म्हणून मोबाइल मी धरायचा.

सिनेमा इंग्रजीत. मला त्यातलं येस आणि नो कळायचं. बाकी मी माझ्या मनाने लावून घेतलं. एक कंजूस म्हातारा, तेवढा खरा माणूस. बाकी सगळ्या कापडाच्या बाहुल्या. त्याच्याकडे एक मेंढा कारकुनी करतो, त्याचं हे लंगडं कोकरू. नाताळाच्या आदल्या रात्री म्हाताऱ्याकडे त्याचा मेलेला भागीदार येतो, अंगभर साखळ्या ओढत. मी नातीला म्हटलं, “याले घरच्यायनं पित्तरपाटात जेवू घातलं नसंल. म्हणून फिरून राह्यला.” मग एकामागून एक तीन भुतं. पहिलं म्हाताऱ्याला त्याचं लहानपण दाखवतं, दुसरं आजचा दिवस. दोघं गाणारी, गुबगुबीत, त्यांची भीती वाटत नाही. दुसऱ्या भुताच्या वेळी कोकराच्या घरचं जेवण येतं आणि कोकरू कुबडीवर टेकून आपलं गाणं म्हणतं. तिथे नातही म्हणायची. आवाज तापाने बसलेला, तरी सूर सोडायची नाही.

मग तिसरं भूत. काळं पोतं पांघरलेलं, तोंड नाही, बोलत नाही, नुसतं बोट दाखवतं. ते दाखवतं तिथे कोकराचं घर, पण गाणं नाही. कोकराचा स्टूल रिकामा. भिंतीला टेकवलेली कुबडी. मेंढी पदराने डोळे पुसते आहे.

पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि माझा अंगठा आपोआप दाबला गेला. दवाखान्यालाही वास्तू असतेच की. तिथली तर रोज किती जणांचं ऐकत असेल. माझ्या लेकराच्या खाटेवर, त्याच्या डोळ्यांदेखत, लंगडं लेकरू मेल्याचं दाखवायचं?

“संपला?” नातीने विचारलं.

“संपला.”

“कोकरू कोठी गेलं?”

“मामाच्या गावाले. मुधोळले.”

तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग कुबडी काऊन नाई नेली?”

“तिथी दुसरी हाय. मामानं घेऊन ठेवली.”

मला वाटलं, काय उत्तर दिलं मी. वकिलीच करायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवसापासून मी जास्तच हुशार झाले. काळं पोतं दिसलं रे दिसलं की बंद. कधी चार्जिंग संपायचं, कधी नेट जायचं, कधी डॉक्टर येऊन राह्यले. नातीने पुन्हा एकदाही विचारलं नाही. मी म्हटलं, विसरली. लहान लेकरं विसरतात, असं मानणारी बाई दोन लेकरांची आई आणि दोन नातवंडांची आजी होती, यावर कोणाचा विश्वास बसेल?

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी कुबड्या मागवल्या. लहान मापाच्या, खाली रबर लावलेल्या. डॉक्टर तेलुगू होते, तरणे होते, रोज एकच शब्द बोलायचे, “नडवाली, पापा, नडवाली.” चालायचं, पोरी, चालायचं. डावा पाय टेकवायचा नाही, पण उठायचं, हिंडायचं, खायचं. त्यांनी कुबड्या खाटेच्या कडेला भिंतीला टेकवून ठेवल्या.

नातीने त्या पाहिल्या आणि तोंड भिंतीकडून दुसऱ्या बाजूला फिरवलं.

मी आमिष दाखवलं, रागावले, पाया पडले. ती उठेना. त्या दिवशी भात ठेवला तसा राहिला. दुसऱ्या दिवशी मावल्याहून माझ्या बहिणीने ज्वारीची मऊ भाकर आणि पोरीच्या आवडीचं वरण पाठवलं, तेही तसंच. ताप उतरला होता तो परत चढला. सिनेमा लावू का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. रडायची नाही, हट्ट करायची नाही. रडली असती तर बरं. मी तिच्या तळव्यांना तेल लावत बसायची आणि ते तळवे माझ्या हातात असे पडून राहायचे, जणू कोणी दुसऱ्याचे सांभाळायला ठेवून गेलं आहे.

डॉक्टरांनी मुलाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. मी दारामागे उभी राहिले. पोरगी खात नाही तर जखम भरायची कशी. ताप असाच राहिला तर पाय परत उघडावा लागेल, हैदराबादला न्यावं लागेल, आणि तिथे ते पाय ठेवतील की काय करतील हे आज सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. मुलगा “हां साब, हां साब” म्हणत होता. आत आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेखालच्या चपला उगीच सरळ केल्या.

“माय,” तो म्हणाला, “तिले काई बोलली का तू?”

“मी काय बोलीन?”

“तसं नाई. पण तुयं ऐकते थे.”

ऐकते, हेच तर. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिले. वास्तूला म्हटलं, एवढी वर्षं पीठ वाढलं म्हणत आले, त्याची काहीतरी जाण ठेव बाई. माझा पाय घे, सत्तरीला टेकलेला आहे, तसाही गुडघ्यातून वाजतो. एकसष्टीची बाई देवाशी घासाघीस करतानाही वय वाढवून सांगत होती, म्हणजे माल जुना आहे पण चालू आहे. आज हसू येतं. त्या वेळी मी अगदी मनापासून बोलत होते.

नाताळ तोंडावर आला होता. वॉर्डाच्या टेबलावर सिस्टरांनी एक प्लास्टिकचं झाड ठेवलं होतं आणि त्यावर बर्फ म्हणून दवाखान्याचा कापूस चिकटवला होता. त्यातल्या एक सिस्टर, मंचेरियालकडच्या, दुपारपाळीला असायच्या. उंच, काळ्यासावळ्या, इंजेक्शन देताना बारीक आवाजात देवाचं गाणं म्हणायच्या. त्या नातीशी तेलुगूत बोलायच्या. शाळेमुळे तिला ते यायचं, मला अर्धंमुर्धं. कुबड्या आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गरम पाणी घेऊन आले तर सिस्टर खाटेवर बसलेल्या, नात त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. दोन दिवसांत माझ्याशी दोन शब्द नव्हती बोलली.

सिस्टर उठल्या. माझ्याकडे पाहिलं.

“अम्मा, वो पिच्चर तुम पूरा काइकू नै दिखाए?”

मला वाटलं वीज पडली. “कोनसा पिच्चर?”

“बच्ची बोल रही, लंगडा मेमना मर गया। दादी झूठ बोली, मामा के गाँव गया बोल के। अब मेरे कू भी बैसाखी दे दिए। मैं भी मामा के गाँव जाती अब।”

माझ्या हातातलं पाणी पायावर सांडलं. गरम होतं, पण ते नंतर कळलं.

म्हणजे तिने सगळं पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी, माझा अंगठा पोचायच्या आत. रिकामा स्टूल, भिंतीची कुबडी. आणि मग तशीच कुबडी तिच्या भिंतीला. मी ज्या गोष्टीचं नाव काढू दिलं नाही, ती उशाशी घेऊन पोरगी इतके दिवस एकटी झोपली. वास्तूला बोलायची गरजच पडली नव्हती. तथास्तु म्हणायला मी होते ना.

“मोबाइल दे,” सिस्टर म्हणाल्या. आमच्या बोलीतलं ‘दे’ त्यांनी कुठूनतरी उचललं होतं.

“नको,” मी म्हटलं. “सिस्टर, तुमच्या पाया पडतो. पुढं बेकार हाय.”

“तुम देखे क्या पुढं?”

नव्हतं पाहिलं. एकदाही नाही. इतक्या दिवसांत मला हेसुद्धा सुचलं नव्हतं की पोरगी झोपल्यावर आपण एकटीने शेवट पाहून घ्यावा. इतकी माझी खात्री होती. गोष्ट कुठे जाते हे मला न पाहता ठाऊक होतं.

सिस्टरांनी आपली जेवणाची सुट्टी मोडून खाटेवर बसून तो सिनेमा पुढे नेला. मी उठायला लागले तर माझं मनगट धरलं, नाडी पाहतात तसं, आणि सोडलं नाही. काळं पोतं बोट दाखवत राहिलं. थडग्याचा दगड आला, त्यावर नाव. मी डोळे मिटले. नात सिनेमाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती, हे मला मिटल्या डोळ्यांनीही समजत होतं.

मग घंटा वाजल्या. उघडून पाहते तर उजाडलं होतं. म्हातारा झोपेच्या सदऱ्यावर रस्त्यात नाचतो आहे. ते सगळं अजून व्हायचं होतं, सिस्टर सांगत होत्या, झालं नव्हतं. भुताने नुसतं बजावलं होतं. म्हातारा मोठं टोपलं घेऊन मेंढ्याच्या घरी जातो, दार उघडतं, आणि दारात कुबडीवर टेकलेलं ते कोकरू. जिवंत. गातं आहे. तेच गाणं.

मी त्या म्हाताऱ्याला मराठीतून अशा काही शिव्या दिल्या की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. इतका उशीर करतात का रे मेल्या. मग मला रडू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. नातीने गाणंही म्हटलं नाही. सिस्टरांना म्हणाली, “परत लाव.” तीनदा लावलं.

त्याने ताप उतरला असं मी म्हणणार नाही. पाय आठवड्याने परत उघडावाच लागला, तिथेच, हैदराबादला नाही. आज ती नववीत आहे, डावा पाय जरा आखूड पडतो, सायकल मात्र माणसांच्या अंगावर घालते. पण त्या दुपारी चार वाजता तिने वाटीभर वरण-भात खाल्ला आणि भिंतीकडे हात केला. मी कुबड्या दिल्या. देताना एक माझ्याच हातून खाली पडली. ती खाटेवरून उतरली, डावा पाय उचलून धरला, ओठ दाताखाली, कपाळ घामाने भिजलेलं, आणि कापसाच्या बर्फाच्या झाडापर्यंत गेली. चार हात अंतर. परत यायला तिला खूप वेळ लागला.

बसल्यावर तिने हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवं. मी तांब्या उचलला.

“पाणी नको. मोबाइल दे इकडे,” ती म्हणाली. “आता थो मायापाशीच राहू दे. तुह्या हाती दिला का तू त्याले मंधातच मारून टाकतं.”