न हरवलेली चादर

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट्या बाजूंनी पीळ घालत जायचं. आमेक परीट मात्र कित्येक वर्षं हे काम एकटाच करत आला होता. काठावर रोवलेल्या खुंटाला तो चादरीचं एक टोक गुंडाळी आणि दुसरं हातात धरून गरगरा पीळ देत जाई. पूर्वी खुंटाच्या जागी त्याची बायको तबेस उभी असायची. एका पुराच्या मोसमात ती तापानं गेली. शेतांच्या कडेला, जिथं काळी माती संपून वाळू लागते, तिथं त्यानं तिला पुरलं. सोबत तिची फणी ठेवली, मडकंभर बिअर ठेवली. पोरबाळ नव्हतंच. घाटावरचे बाकीचे परीट म्हणाले, "आमच्यात ये की, जोडीनं पिळू." आमेक हो म्हणाला, आणि गेला नाही.

वर डोंगराच्या घळीत, जिथं पाण्याचा थेंब नाही, तिथं राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव होतं. तिथली काही घरं आमेकच्या वाट्याला होती. पाणी वाहायला सरकारनं गाढवं दिली होती, धुणं वाहायला परटाची पाठ. धुतलेली गाठोडी घेऊन वर चढायचं, दारोदार वाटायची, मळकी घेऊन उतरायचं. दार उघडायचं, हात बाहेर यायचा. "हा डाग गेला नाही हं मागच्या वेळी," एवढं बोलून दार लागायचं. कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कोण बिअर पिऊन ओकतं, कुणाचा नवरा छिन्नी लागून रक्ताळलाय, हे सगळं आमेकला कपड्यांवरून ठाऊक असे. आमेक जेवतो का, कुठं झोपतो, हे मात्र त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्या घरांत एक घर हुनेरोचं होतं. नवरा गिलावा करणारा होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे त्याच गावात आपापली बिऱ्हाडं करून राहत होते. थोरला पाहेरी आता कारागिरांच्या एका टोळीचा मुकादम झाला होता. म्हातारी एकटी, पण तिचं गाठोडं मात्र भरल्या घराएवढं. आमेक कुरकुरत ते खाली नेई.

एकदा ते गाठोडं त्यानं काठावर सोडलं आणि कपाळाला हात लावला. वरचा झगा कोराकरकरीत. खालची चादर तशीच. त्याखालचा पंचाही तसाच. प्रत्येकाची घडी त्याची स्वतःची होती, जशी त्यानं मागच्या खेपेला घातली होती तशीच. कपड्यांना उन्हाचा आणि धुण्याच्या खाराचा वास अजून होता. खरं मळलेलं असं एक लुगडं आणि एक फडकं, बस.

आमेकचं डोकं भडकलं. पुढच्या फेरीत त्यानं ते गाठोडं हुनेरोच्या उंबऱ्यात दाणकन आपटलं.

"बाई, हे काय?"

"काय म्हणजे? धुणं."

"हे मी मागच्याच खेपेला धुतलंय. घडीसुद्धा मोडलेली नाही."

"मग नीट धुतलं नसशील."

"वास घेऊन बघा."

"माझं नाक म्हातारं झालं. तूच घे."

"एवढं ओझं डोंगर उतरवून न्यायचं, पुन्हा चढवून आणायचं. माझे गुडघे काय सरकारी गाढवाचे आहेत?"

 हुनेरो खाली वाकून गाठोड्याची गाठ उगाच सोडत म्हणाली, "एकच लुगडं दिलं तर तू उंबऱ्याबाहेरूनच घेतोस आणि पळतोस. गाठोडं मोठं असलं की मोजून घ्यायला आत येतोस. जरा टेकतोस."

 आमेक आत आला आणि टेकला.

तिनं बिअर ओतली, कांदा फोडला. ओसरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिच्या नवऱ्याची लहानशी मूर्ती होती. येताजाता ती त्या मूर्तीला टोमणे मारत होती. "बघतोय बघ कसा. जिता होता तेव्हा सकाळपासून गिलाव्याचं पुराण. चुना किती, भुसा किती. मी म्हणायचे, एकदा तरी गप बस. आता बसलाय." आमेकला हसू आलं. आपण किती दिवसांनी हसलो, हे त्यालाच आठवेना. निघता निघता तो म्हणाला, "माझी तबेस पिळताना गायची. भसाडं गायची." बायकोचं नाव तिच्या मरणानंतर त्यानं पहिल्यांदाच कुणापुढं काढलं होतं.

त्या दिवसापासून हुनेरोचं गाठोडं लहान झालं. मोजायला काही उरलं नव्हतं, तरी आमेक आत येऊन बसू लागला.

गाव म्हणजे एकच गल्ली, घराला घर चिकटलेलं. शेजारच्या घरात खोकलं तरी इकडं कळायचं. समोर राहणारी तखात कंबरेवर हात ठेवून गल्लीतच ओरडली, "काय रे परटा, म्हातारीच्या घरात एवढा वेळ काय वाळत घालतोस?" पाणी घ्यायला जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. दुसरी म्हणाली, "मी पण पाजीन हो बिअर, माझ्या चादरी जरा पांढऱ्या होत असतील तर!"

आमेक खाली मान घालून चालू लागला. पण गावाच्या वेशीपाशी पाहेरी उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाजही चढवला नाही.

"आमेक, आईचं धुणं इथं वेशीवर ठेवत जा. राखणदार पोचवील."

"बरं, मालक."

"लोक बोलतात. आमचं घर नावाजलेलं आहे."

"बरं."

झालं. वेशीवरचा राखणदार पेनबुई गाठोडं घेई, गाठोडं देई. आमेक दोन फेऱ्या तसाच आला आणि तसाच गेला. काठावर बसून भाकरी खाताना त्याला हुनेरोच्या घरच्या कांद्याची आठवण येई. आपण लाजलो आणि म्हातारीला एका शब्दानं सांगितलंही नाही, हे त्याला टोचत राही.

तिसऱ्या फेरीला पेनबुईनं त्याला बाजूला घेतलं. "म्हातारी पेटलीय बाबा. तिची झालरीची चादर गायब आहे म्हणते. तुझ्याकडून हरवली म्हणते. परटानं स्वतः घरी येऊन जबाब द्यावा म्हणते."

झालरीची चादर आमेककडे आलीच नव्हती. ती तिच्या लग्नातली, पेटीत जपून ठेवलेली. तिनं ती त्याला फक्त दाखवली होती, धुवायला कधी दिली नव्हती. आमेकच्या ध्यानात सगळं आलं. वेशीवरच्या उन्हात तो उभा राहिला आणि त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. आपल्यावर चोरीचा आळ आलाय आणि आपल्याला बरं वाटतंय, याचीच त्याला लाज वाटली.

पण तो तिच्या दारापर्यंत पोचण्याआधीच बातमी पाहेरीकडे पोचली होती. आईची लग्नातली चादर परटानं लांबवली! सुट्टीच्या दिवशी, सगळे कारागीर डोंगरावरून घरी आलेले असताना, वेशीजवळच्या देवळाच्या सावलीत पंच बसले. गाव जमलं. तखात सर्वांत पुढे.

"आमेक," वडीलधारे पंच म्हणाले, "चादर तुझ्याकडे आली होती की नाही?"

नाही म्हणावं, तर म्हातारीनं खोटा आळ घेतला असं ठरणार, आणि खोट्या आळाला इथं माफी नव्हती. आमेकनं नदीचा विचार केला. नदीवर किती तरी गोष्टी खपून जातात.

"आली होती. पाण्याला ओढ होती. हातातून सुटली. मगरीच्या भीतीनं मागं गेलो नाही. भरून देईन."

"खोटं बोलतोय!"

हुनेरो उठून उभी राहिली होती. पाहेरी म्हणाला, "आई, बस, आम्ही बघतो. त्यानं विकलीच असणार."

"विकली नाही. सुटली नाही. चादर माझ्या पेटीत आहे."

एकदम हशा उसळला. पंचांनी काठी आपटली. "मग आरडाओरडा कशाला केलास, बाई?"

तिनं आमेककडे पाहिलं. आमेकनं जमिनीकडे पाहिलं.

"विसरले," ती म्हणाली. "म्हातारपण."

आमेक सुटला. फटके नाहीत, भरपाई नाही. शिक्षा झाली ती हुनेरोला, आणि ती तिच्या मुलांनी प्रेमानंच केली. एकटं राहून आईचं डोकं फिरलंय, असं दोघांनी ठरवलं. पाहेरीनं तिला आपल्या घरी आणलं, मागच्या खोलीत, चुलीपासून लांबचा थंड कोपरा तिला दिला. तिच्या घरात धाकटा राहायला गेला. कोनाड्यातली नवऱ्याची मूर्ती तिथंच राहिली, कारण पाहेरीच्या कोनाड्यात आधीच त्याच्या सासऱ्याची मूर्ती होती.

पाहेरीचं घरही आमेकच्याच वाट्याचं होतं. तो धुणं घेऊन गेला की हुनेरो कधी कधी उंबऱ्याशी बसलेली दिसे. आत पोरं किंचाळत असत, सूनबाई जात्यावरून ओरडत असे. एवढ्या माणसांत म्हातारी एखाद्या चुकून आलेल्या पाहुणीसारखी बसलेली असे.

"पाणी चढलं का रे?"

"अजून नाही, बाई."

"मगरी?"

"आहेत की."

एवढ्यात सून येई. "आई, ऊन लागेल. आत चला." आणि गाठोडं आमेकच्या हातात पडे.

मग उन्हाळ्यात घळीतला सण आला. आमून देवाची होडी नदी ओलांडून पश्चिमेला येते आणि सगळं गाव हार घालून, भाकरी-बिअर घेऊन आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांपाशी जेवायला जातं. हुनेरोला डोंगर चढवेना. "आम्ही तुमच्या वाटचं बाबांना वाढू," असं म्हणून सगळे गेले. आमेक वाळूत तबेसपाशी बिअर ओतून आला होता. पुढे काय करावं हे न सुचून तो गावात चढला. हातात गाठोडं नव्हतं. गल्ली ओस होती. पाहेरीच्या उंबऱ्यावर हुनेरो एकटीच बसली होती.

तो तिच्याशेजारी बसला.  वरून डफांचा आवाज येत होता.

"बाई, त्या दिवशी पंचांना खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? परीट घरी यावा म्हणून चादर हरवली म्हणून? दोन पोरं, सुना, नातवंडं, आणि आईला बोलायला परीट लागतो! पोरांना गावात तोंड काढायला जागा राहिली नसती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणि तू रे? तू का कबूल झालास?"

"मला फटके चालले असते."

"मूर्ख आहेस."

"तबेस पण तेच म्हणायची."

म्हातारी हसली. मग रडली. मग तिनं विचारलं, "भसाडं म्हणजे किती भसाडं गायची?" आमेकनं इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच गाऊन दाखवलं. त्याचा आवाज त्याहूनही भसाडा होता. वरून माणसं परतताना दिसली तसा तो उठला, आणि मागच्या वाटेनं उतरला. एवढा एकच दिवस. तसा दिवस पुन्हा मिळाला नाही.

नदीला पूर आला, शेतं बुडाली, आणि पाणी ओसरायला लागलं तेव्हा पाहेरीच्या घरच्या गाठोड्यात हुनेरोचं लुगडं नव्हतं. आमेकनं सगळं गाठोडं काठावर उलटं केलं. पोरांची, सुनेची, पाहेरीची, सगळी वस्त्रं होती. दुसऱ्या दिवशी त्यानं वेशीवर पेनबुईला विचारलं.

"परवाच गेली. झोपेतच. खाली उतरवून नेली, देह टिकावा म्हणून खारात ठेवायला."

कपडे धुवायला आमेक वापरायचा, तोच खार.  पेनबुई म्हणाला, "भली म्हातारी. शेवटी शेवटी जरा चळली होती, एवढंच." 

खारातून काढल्यावर, सत्तर दिवसांनी अंत्ययात्रा निघाली, ती आमेकनं दुरून पाहिली. परटाला कोण बोलावणार? बायका छाती पिटत होत्या, मुठीमुठीनं धूळ उचलून डोक्यावर घेत होत्या. तखात सर्वांत मोठ्यानं रडत होती. पाहेरीची दाढी वाढलेली होती, आणि शवपेटीमागून चालताना तो एकदा खरोखरच धडपडला.

त्यानंतरच्या फेरीत सगळ्या घरांची गाठोडी जड होती. सुतकातले कपडे. घळीतली धूळ पिठासारखी बारीक असते, धाग्याधाग्यात शिरून बसते. आमेकनं खार लावला, आपटलं, पुन्हा लावला. तरी पाण्यात पिवळट ढग सुटतच राहिले. उन्हं उतरली तरी तो पाण्यात उभाच होता.

"कोण गेलं रे?" पलीकडच्या घाटावरून एका परटानं ओरडून विचारलं.

"पाहेरीची आई."

"तुझ्या घरातलं का?"

"हो," आमेक म्हणाला, आणि पुढचं लुगडं पाण्यात सोडलं.