निळा दगड आणि माझे पाय

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली तीनदा आपटली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. “रिफ्लेक्स गायब आहेत,” ते म्हणाले. “नंदिनीबेन, ही जीबीएस दिसतेय.”

जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा बिथरते आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडू लागते. बहुतेकदा पायांपासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. छातीपर्यंत पोचला तर श्वास अडतो. “बहुतेक लोक यातून उठतात,” डॉक्टर म्हणाले, “पण वेळ लागतो.” मी बावन्न वर्षांची, बडोद्याच्या अकोटा भागात राहणारी, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी बाई. मी विचारलं, “किती वेळ?” ते चाचण्यांची चिठ्ठी लिहू लागले.

पहिलं लक्षण मला सिनेमागृहात दिसलं होतं आणि मी त्याचं खापर सिनेमावर फोडलं होतं.

माझा नवरा श्रीकांत रिफायनरीत इंजिनिअर आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अरे-तुरेच. हा शहाणासुरता माणूस अतिमानवांच्या सिनेमांचा भक्त आहे. आदल्या रविवारी त्यानं मला तसल्याच एका सिनेमाच्या दुसऱ्या भागाला ओढत नेलं. पहिला भाग मी टाळला होता, त्यानं काही बिघडलं नाही; या सिनेमांत आधी काय झालं हे कळण्यासारखं काही होतच नाही.

नायक ओल्या रुळांवर उभा राहून एका हातानं मालगाडी थांबवतो. घर्षण नावाची गोष्ट सातवीच्या पोरांना कळते, ती सिनेमा बनवणाऱ्यांना कळत नाही. मग तो वीस मजल्यांवरून पडतो, पाठीचा कणा चुरा होतो, मानेखाली सगळं लुळं. त्याचे गुरू येतात, छातीवर निळा दगड ठेवतात, आणि एक गाणं संपेपर्यंत हा आकाशात. शेजारची मोठी माणसं शिट्ट्या मारत होती.

सिनेमा संपला तरी श्रीकांत उठू देईना. नावांची पाटी सरकत गेली, शेवटी बर्फाच्या लादीत कुणाचा तरी मिटलेला डोळा उघडला, आणि लोक वेडे झाले. म्हणजे तिसरा भाग येणार.

मी उठले तर तळव्यांखाली कापूस. तीन तासांच्या मूर्खपणानं पाय झोपले, असं मी म्हटलं. दोन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल हे मनातही आलं नाही. सोमवारी शाळेचा जिना कठड्याला धरून चढले. मंगळवारी खडू बोटांतून गळून पडला. तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. तुमचे दोन्ही पाय एकदम बधिर होऊन अशक्तपणा वर सरकू लागला, तर माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी जा.

एनसीव्ही झाली, नसांतून विजेचा संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी चाचणी. लंबर पंक्चर झालं. कमरेतून सुई घालून मणक्याभोवतीचं पाणी काढतात. बुधवारी आयव्हीआयजी सुरू झालं. अनेक अनोळखी निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, पाच दिवस, थेंब थेंब. शुक्रवारी मला वाक्य पूर्ण करता येईना. दुपारी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास देणारं यंत्र.

अकरा दिवस. शुद्ध पूर्ण, पण हलत होत्या फक्त पापण्या.

श्रीकांतला दिवसातून दोनदा आत सोडायचे. पहिल्या दिवशी तो नुसता रडला. दुसऱ्या दिवशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो तिसऱ्या भागावर बोलू लागला. बर्फातला डोळा नायकाच्या मेलेल्या भावाचा असणार. गुरूच खरा खलनायक निघणार. निळ्या दगडाचे दोन तुकडे आहेत. पन्नाशीचा माणूस हे सगळं गंभीर चेहऱ्यानं सांगत होता, आणि बायको यंत्रावर पडली होती. माझ्यात हात उचलायची ताकद असती तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली. तो ओळीवर बोट ठेवणार, मी पापणी मिटणार. माझा पहिला शब्द होता ‘मूर्ख’. भेटीची सगळी वेळ त्यात गेली. तो इतका हसला की सिस्टर धावत आली.

पाचव्या दिवशी सकाळपासून छातीत घरघर होती. हवा येत होती, पण पुरत नव्हती. श्रीकांत आला तेव्हा मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. त्यानं बोट फिरवलं. ‘श्वा’. मग ‘स’.

“अगं, बर्फात तो श्वास कसा घेतो म्हणतेस?” तो खूश झाला. “त्याचं असं आहे, तो दगड...”

त्या क्षणी मला त्याचा, त्या सिनेमाचा, जगातल्या सगळ्या दगडांचा जितका तिरस्कार वाटला तितका कशाचाच वाटला नव्हता. मी डोळे फाडून त्याच्याकडे बघितलं. तो अर्ध्या वाक्यात थांबला.

“नंदा, तुला? तुझा श्वास?”

मी पापणी मिटली. तो दाराकडे धावला. “सिस्टर! जल्दी आवो!” नळीत कफ अडकू लागला होता. सिस्टरनं सक्शन केलं, म्हणजे बारीक नळीनं तो ओढून काढला, आणि हवा आत आली. श्रीकांत पुठ्ठा छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता. त्यानंतर तो रोज आला की आधी एकच विचारायचा, “श्वास?” मी पापणी मिटली की तो ‘पुरतोय’ असं समजायचा, आणि मग सिनेमा. मी ‘नको’, ‘बंडल’, ‘अशक्य’ असे शब्द उत्तरादाखल पाठवत गेले. आता कबूल करते, पुढच्या भेटीत त्याला काय सुनवायचं ते जुळवण्यात माझे ते दिवस गेले.

नळी निघाली. मग जिग्नाबेन आल्या, फिजिओथेरपिस्ट. त्यांनी मला दगड दाखवला नाही. “आजे खाली अंगूठो,” त्या म्हणाल्या. फक्त अंगठा. सहा दिवस फक्त अंगठा. मग घोटा. मग पलंगाच्या कडेला बसणं, ज्यात मी दोनदा कोलमडले. वॉकर धरून पहिली दोन पावलं टाकली त्या दिवशी त्या घाम पुसत म्हणाल्या, “बस, आजनुं थई गयुं.” आजचं झालं. काठी घेऊन जिना चढायला चार महिने लागले.

सिनेमाबद्दल माझं मत बदललेलं नाही. उलट आता ते जास्त वाईट आहे. लुळं पडणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ते गाण्यापुरतं वापरू नये.

मागच्या महिन्यात डॉक्टरांचा फोन आला. पाणीगेट भागातला एक शिंपी, पस्तिशीचा, हाच आजार. व्हेंटिलेटर लागला नाही, पण हातपाय गेलेत, आणि तो जेवत नाही. “तुम्ही एकदा बोलाल?”

मी गेले. त्याची बायको उशाशी बसली होती. तिनं मला काठीसकट पाहिलं आणि विचारलं, “क्यारे सारु थशे?”

कधी बरं होईल? तिला एखादा महिना सांगणं फार सोपं होतं.

“यांचं मला माहीत नाही,” मी माझ्या मोडक्या गुजरातीत म्हटलं. “मला चार महिने लागले. अजून बोटांना मुंग्या येतात.”

शिंपी छताकडे बघत होता. तसाच बघत त्यानं विचारलं, “तमने बीक लागती हती?” भीती वाटायची का?

“रोज,” मी म्हटलं. “सकाळी जास्त.”

त्यानं मान वळवली. भरती झाल्यापासून सगळे त्याला घाबरायचं नाही म्हणून सांगत होते, असं त्याची बायको म्हणाली. मग तिनं वाटीत खिचडी कालवली. त्यानं तोंड उघडलं. चार घास खाल्ले.

निघताना मला खुर्चीवरून उठायला दोन प्रयत्न लागले. पलंगाची दांडी धरावी लागली. तो माझ्या गुडघ्यांकडे टक लावून बघत होता, आणि मी मुद्दाम घाई केली नाही. त्याला नीट दिसू दिलं.