कूलरपुढच्या गोळ्या

जुन्या रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले श्यामराव खानझोडे नव्या रायपुरातल्या पेंटबॉलच्या, म्हणजे बंदुकीनं एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाच्या, मैदानावर गोदाम सांभाळत. राजधानी झाली, मंत्र्यांच्या गाड्या सुसाट पळू लागल्या. गरिबाची बस मात्र नवसाला पावली तरच यायची. म्हणून श्यामराव आपल्या खटारा लुनावर जात.

कोणी हसून म्हणालं, "काका, या वयात पोट्ट्यांच्या खेळातल्या गोळ्या राखता?" की ते भडकत. "खेळातल्या? माही पोरगी अशाच गोळ्या बनवते, समजलं?"

अर्धं खरं होतं. त्यांची अनुश्री हैदराबादेत औषधी कॅप्सूलच्या कारखान्यात मशीनवर होती. तिनंच एकदा फोनवर सांगितलं होतं, की मशीन दोन्हींचं एकच. जिलेटिनच्या दोन ओल्या पट्ट्या फिरत्या रुळांमधून येतात, रुळांवर अर्ध्या वाटीएवढे खळगे असतात. पट्ट्या जुळताना मधे औषध सोडलं तर कॅप्सूल, रंग सोडला तर पेंटबॉल. कडा तिथंच चिकटतात, मग गोळ्या फिरत्या पिंपात घोळवून सुकवतात. तेव्हापासून हाती गोळी आली की श्यामराव तिची बारीक शिवण अंगठ्यानं चाचपत बसत. जणू लेकीच्याच हातची.

हे सगळं अनुश्रीनं हिंदीत सांगितलं होतं. तिची आई प्रेमला गेली, आणि पोरीच्या तोंडची मराठीही तिच्यासोबत गेली. "पापा, खाना खाया?" "हव, खाल्लं." बाप मराठीत, लेक हिंदीत. लहानपणी घर डोक्यावर घेणारी, "अवो बाबा" म्हणून भांडणारी ती पोट्टी कुठं हरवली, हे त्यांना विचारायचं होतं. पण फोनवर असं विचारता येतं थोडंच? एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून ती हाक यावी, एवढंच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

मे महिन्यात ती एका दुपारपुरती येणार होती. "एक राउंड खेलेंगे," म्हणाली. नेमका गोदामाचा एसी बिघडला. श्यामरावांनी मालकाला विचारून गोळ्यांचा एक डबा लुनावर बांधून घरी आणला. रायपूरच्या उन्हाळ्यात पाहुण्याला कूलरपुढे बसवतात, तोच मान त्यांनी डब्याला दिला. कूलरला वाळ्याची नवी खस लावली, पाणी भरलं, झाकण उघडून डबा पुढ्यात ठेवला. स्वतः मात्र अंगणात तापल्या फरशीवर निजले.

दुसऱ्या दिवशी डबा परत मैदानावर नेला, आणि ती थेट तिथंच आली. मुखवटा चढवून नेम धरला. पहिली गोळी नळीतच अडकली. कशीबशी साफ करून दुसरी मारली, तर ती हवेत डावीकडे वळली आणि अम्पायर भैय्यालालच्या पाठीवर फुटली.

"दीदी, मैं तो किसी टीम में नहीं हूँ!" तो ओरडला.

अनुश्रीनं डब्यातली गोळी दाबून पाहिली. पिलपिली, फुगलेली. "पापा, रखा कहाँ था?"

"कूलरपुढे. नवीन खस लावली होती," श्यामराव कौतुकानं म्हणाले.

पोरगी उसळली. "अवो बाबा! कूलरपुढे काहून ठेवल्या? जिलेटिन हाय ते, ओल्या हवेतलं पाणी पिते! फुगली का नळीत अडकते, अन् सुटली तरी सरळ जात नाही. गोलच नसन तं हवा तिले वाकडी नेणारच ना! कोरड्या, गार खोलीत बंद ठेवा लागते. मधूनमधून डबा पलटवा लागते, नाही तं एका अंगावर चपट्या होतात. काही समजते का तुमाले?"

श्यामराव मान खाली घालून उभे होते. हसू फुटू नये म्हणून.

"मंग फ्रिजमधे ठेवल्या असत्या तं?" त्यांनी विचारलं.

"अजून वाईट! गारठ्यानं ठिसूळ होतात, नळीतच फुटतात. कोण शिकवून राहिलं तुमाले हे?"

"कोणी नाही. तू सांग ना अजून."

तिचा फोन वाजला, टॅक्सीवाल्याचा. "हाँ भैया, गेट पर आइए." मुखवटा उतरला, बॅग खांद्यावर गेली. "चलती हूँ, पापा. टेक केअर."

ती गाडीत बसली तसे श्यामराव काचेपाशी वाकले. "अन् पावसाळ्यात कशा ठेवायच्या?"

तिनं आतून कानाला हात लावून फोन करते अशी खूण केली. गाडी निघाली.

भैय्यालाल पाठीवरचा रंग पुसत आला. "काका, बारिश में तो मैदान बंद रहता है."

"माहीत हाय मले!" श्यामराव त्याच्यावर खेकसले.